एकच डेटा, तीन सॉफ्टवेअर, तीन उत्तरं: मिक्स्ड मॉडेलला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

एमएस्सी स्टॅट झालंय आणि आता डाळिंबाच्या नाहीतर हॉस्पिटलच्या डेटावर मिक्स्ड मॉडेल लावायचंय, अशा सोलापूरच्या पोरापोरींसाठी लिहितेय. लॉजिट, रँडम इफेक्ट येतंय असं धरते.

मी जिथं सगळ्यात जास्त अडकले तेच आधी सांगते. डेटा तेल्याचा, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूच्या रोगाचा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडच्या बागा, दर बागेत चारेक झाडं, झाडावर तेल्या आहे की नाही एवढंच, आणि बहार मृग की हस्त. बाग हा रँडम इफेक्ट. आरमध्ये एक उत्तर, स्टाटात दुसरं, सॅसमध्ये तिसरं, आणि सगळ्यात जास्त हलत होता तो एका बागेपासून दुसऱ्या बागेपर्यंतचा व्हेरियन्स. गाईड म्हणाले कोडिंग चुकलंय. रात्र रात्र बसून डेटा तपासला, सगळा बरोबर होता.

तर नीट ऐका. या मॉडेलच्या लाइकलीहूडमध्ये रँडम इफेक्टवरचं इंटिग्रेशन असतं, ते सूत्रानं सुटत नाही, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर अप्रॉक्सिमेशन करतं आणि प्रत्येकाचा डिफॉल्ट वेगळा. आरच्या एलएमई४ पॅकेजमधलं ग्लमर हे फंक्शन लाप्लास वापरतं. स्टाटाचं मेलॉजिट अ‍ॅडॅप्टिव्ह क्वाड्रेचर, म्हणजे वक्र ठरावीक पॉइंटवर मोजून वजन देऊन बेरीज, इथं सात पॉइंट. सॅसचं ग्लिमिक्स काही सांगितलं नाही तर स्यूडो-लाइकलीहूड, म्हणजे 1993 मध्ये ब्रेस्लो आणि क्लेटन यांनी मांडलेल्या पीक्यूएलच्या (पेनलाइज्ड क्वासी-लाइकलीहूड) घराण्यातलं.

लाप्लास काय करतं, तर इंटिग्रेशनच्या आतल्या वक्राचं शिखर शोधतं आणि तिथं नॉर्मलचा बेल कर्व्ह बसवतं. आता एक बाग घ्या, चार झाडं, चारही निरोगी. तेल्या नाहीच, म्हणजे या बागेचा इफेक्ट कितीही खाली गेला तरी डेटाची काही हरकत नाही, त्याला थोपवणारा फक्त रँडम इफेक्टचा नॉर्मल असतो. वक्र डावीकडे लांब पसरतो, उजवीकडे पटकन पडतो. त्यावर बेल कर्व्ह नीट बसणार कसा? अशा बागा भरपूर असल्या की व्हेरियन्स बहुतेक वेळा कमी येतो, पीक्यूएलमध्ये तर फारच कमी. तेच दर बागेत पन्नास झाडं असती तर तिघांची उत्तरं एकमेकांच्या जवळ आली असती. म्हणून घाबरू नका, पण एका क्लस्टरमध्ये, म्हणजे इथं एका बागेत, किती निरीक्षणं आहेत ते सगळ्यात आधी मोजा, ते न मोजता मॉडेल लावायला बसूच नका.

उपाय साधा आहे. ग्लमरमध्ये क्वाड्रेचरचे पॉइंट एनएजीक्यूनं ठरतात, 1 म्हणजे लाप्लास, ते 5, 10, 15, 25 असं वाढवत जा, आकडे हलायचे थांबले की तिथं थांबा. फक्त ग्लमर हे एकाच साध्या रँडम इंटरसेप्टला करू देतं. गाव आणि बाग असे दोन टाकले की परत लाप्लासवरच. कारण पॉइंट गुणाकारानं वाढतात, दहा पॉइंट आणि एका क्लस्टरला तीन रँडम इफेक्ट म्हणजे हजार ठिकाणी गणित. रँडम स्लोप हवा असेल तर आरचंच जीएलएमएम-अ‍ॅडॅप्टिव्ह पॅकेज बघा, ग्रुपिंग मात्र एकच चालतं. जीएलएमएम-टीएमबी छान आहे, फास्ट आहे, पण तेही लाप्लासच.

एनएजीक्यू 0 करा, वॉर्निंग जाते असं सांगणारे सीनियर भेटतील. अजिबात ऐकू नका, ते याहून ढोबळ अप्रॉक्सिमेशन आहे, थीसिसमध्ये द्यायचं नाही. कन्व्हर्जन्सची वॉर्निंग आली तर आधी पाऊस मिलिमीटरमध्ये तसाच टाकलाय का बघा, स्केल करा, मग ऑलफिट चालवा, ते तेच मॉडेल वेगवेगळ्या ऑप्टिमायझरनं लावून बघतं. सगळ्या ऑप्टिमायझरची उत्तरं सारखी आली तर निवांत झोपा.

आणि वेगवेगळ्या अप्रॉक्सिमेशनच्या मॉडेलचे एआयसी शेजारी ठेवू नका. पीक्यूएलला तर खरं लाइकलीहूडच नसतं.

माझ्या मते चांगला गाईड तोच जो पी-व्हॅल्यूच्या आधी मेथड विचारतो. तसा नाही मिळाला तरी अडत नाही, साध्या लॅपटॉपवर हे सगळं चालतं. थीसिसमध्ये नुसतं 'आर वापरलं' लिहू नका, पॅकेज, त्याचं व्हर्जन, लाप्लास की क्वाड्रेचर आणि किती पॉइंट, हे चारही लिहा, म्हणजे व्हायव्हात दुसऱ्या सॉफ्टवेअरचं उत्तर कुणी समोर ठेवलं तर फरक कुठून आला ते तिथंच दाखवता येईल.