खांद्याला तेल चोळण्याआधी टाप उचलून बघा: घोडेवाल्यांनो, या चुका टाळा

घोडं लंगडायला लागलं की आपल्या बेळगाव जिल्ह्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "खांदा भरलाय." चिकोडी असू दे, निपाणी असू दे, रायबाग-अथणी असू दे, शर्यतीच्या माळावर उभारलेले दहाच्या दहा जण हेच सांगणार आणि मग तेल काय, शेक काय, आंबेहळदीचा लेप काय, सगळं सुरू. मी पण हेच केलंय. घोडी पुढच्या उजव्या पायावर भारच देईना, आठ दिवस खांदा चोळला, नवव्या दिवशी टापेच्या वर, जिथं केस संपतात ना त्या कडेतनं, पू फुटून बाहेर आला. खांद्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. आत खुरात पू धरला होता आणि वाट मिळेना म्हणून तो वर चढत गेला, आणि मी आपला वर तेल जिरवत बसलोय.

तर पहिली चूक हीच, खूर सोडून बाकी सगळं तपासणे. पुढच्या पायानं लंगडणाऱ्या घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा खुरातच असतं, कारण अंगाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. बघायचं कसं? चारी टापांना हात लावा, एकच जास्त गरम लागते का बघा. मग घोट्याच्या मागं दोन्ही बाजूला बोटं ठेवून नाडी शोधा. चांगल्या पायात ती शोधून पण नीट सापडत नाही, खुरात सूज किंवा पू असला की ठणठण उडते. घोडं ठणठणीत असताना रोज बोटं ठेवून सवय करा, नाहीतर आजारपणात कळणार कसं वेगळं काय ते.

खूर म्हणजे नुसतं लाकूड नाही हे डोक्यात बसलं की अर्ध्या चुका आपोआप कमी होतात बघा. बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला रक्त नाही की दुखणं नाही. पण आत एक हाड आहे, ते भिंतीला हजारो बारीक पापुद्र्यांनी लटकवलेलं असतं, आणि तळाला मधोमध तो जो त्रिकोणी रबरासारखा भाग दिसतो (इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, बेडकाशी संबंध नाही) तो आणि त्याच्या वरची गादी दणका सोसतात, पाऊल टेकलं की मागचा भाग जरा फाकतो आणि रक्त वर ढकलायला मदत होते. म्हणजे घोडं दावणीला नुसतं बांधून ठेवलं की खुराला रक्त पण कमी फिरतं. शर्यत महिन्यावर आहे म्हणून "आराम देतोय" असं सांगणारे बरेच भेटतात.

आता नालेचा विषय, इथं जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच. (आमच्या शेजारी गावचा नालबंद कन्नड बोलतो, तो नालेला 'लाळ' म्हणतो, पहिल्यांदा "लाळ पडली" म्हणाला तेव्हा मी घोड्याच्या तोंडाकडं बघत होतो.)

एक, नाल पडल्याशिवाय नालबंदाला फोनच न करणे. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो आणि नाल असल्यावर तो झिजत नाही, नुसता पुढं पुढं जातो. सहा-आठ आठवड्यांत नाल घट्ट असली तरी काढून, खूर तासून परत मारायला पाहिजे. "अजून खिळे हलले नाहीत की" हे उत्तर चालत नाही. पुढची बोटाकडची बाजू लांब आणि मागची टाच बसकी झाली की प्रत्येक पावलाला पायामागच्या शिरा (रक्ताच्या नव्हे, दोरीसारख्या कंडरा) ओढल्या जातात, आणि मग खरंच वर दुखणं चढतं. बाजूनं बघा, घोट्याखालचा उतार आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार एका रेषेत दिसला पाहिजे. रेष मोडलेली दिसली तर बोला. नालबंद चिडतो, चिडू दे. मी प्रत्येक वेळी बाजूनं मोबाईलवर फोटो काढून ठेवतो, मागचा फोटो दाखवला की भांडण मिटतं.

दोन, तयार नाल घेऊन तिच्या मापाचा खूर करणे. नाल खुराच्या मापाची पाहिजे, उलटं नाही. लहान नाल ठोकून बाहेर आलेला खूर कानशीनं गोल करून टाकतात, दिसायला एकदम झकास, पण वरची चकचकीत कातडीच निघून जाते आणि भिंत पातळ होते, पुढच्या वेळी खिळ्याला जागाच राहत नाही. पुढचे खूर गोलसर आणि मागचे जरा निमुळते असतात, चारी पायांना एकाच साच्यातली नाल बघितली की समजायचं काय ते. खिळे खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागं जास्त नेऊ नयेत, टाच फाकायला मोकळी राहिली पाहिजे. आणि नाल मारून घरी आणल्यावर त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घोडं लंगडलं तर "नवीन नाल आहे, सवय होईल" म्हणून गप्प बसू नका. बहुतेक खिळा जिवंत भागात गेलेला असतो किंवा अगदी जवळून दाबतोय. त्याच दिवशी तो खिळा काढून घ्या.

आणि एक लक्षात घ्या, बैलाला पत्री (बैलाची नाल) मारणारा माणूस कितीही हुशार असला तरी घोड्याचं काम वेगळं. बैलाचा खूर दोन फाळ्यांचा, घोड्याचा एकच.

पावसाळा. आपला जिल्हा असा की खानापूरकडं पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि अथणीकडं ढेकळं फुटत नाहीत, त्यामुळं सरसकट सल्ला चालतच नाही. ओल्या भागात चूक ही की तबेला खाली, मुताचा चिखल, आणि घोडं त्यात रात्रभर उभं. मग फ्रॉगच्या बाजूच्या खाचांत काळं, घाण वास मारणारं चिकट काहीतरी दिसायला लागतं, तोच खूर कुजायचा रोग. त्यावर जळकं इंजिन ऑईल ओतणारे आहेत अजून. नका ओतू, वरनं थर बसतो आणि आतली घाण आतच, हवा नको असणाऱ्या जंतूंची तर चैन. खाच साफ करा, ब्रशनं घासा, कोरडी करा, बीटाडीन लावा. मोरचूद पण वापरतात, पण लाल कच्च्या मांसाला लागला तर भाजतो, तिथं डॉक्टरला विचारूनच. आणि औषधापेक्षा मुरूम टाकून जागा उंच करणं, खाली कोरडा भुस्सा किंवा पाचट टाकून रोज काढणं हे जास्त कामाचं. काळ्या मातीत वेगळंच, ती खुरात गच्च बसते, वाळली की दगड होते आणि बरोबर खडा घेऊन बसते.

कोरड्या भागातले लोक भेगा दिसल्या की रोज टापा पाण्यात भिजवतात. सारखं भिजणं आणि वाळणं यानंच भेगा वाढतात. तेल लावल्यानं चकाकी येते, भेग काही जुळत नाही. खूर वरनं खाली वाढतो, बोटाकडं नवीन भिंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणून खुराकात बदल केला तरी महिन्यात फरक शोधू नका.

टाप रोज उचलायची, कामाच्या आधी आणि नंतर. आपल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे वारीतले मानाचे अश्व आळंदीपर्यंत साधारण तीनशे किलोमीटर चालत जातात, मग माऊलींबरोबर पंढरपूरला, आणि रिंगण झालं की त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. आमच्या गल्लीत तीच माती लावून आलेले घरच्या घोड्याची टाप पंधरा दिवस उचलून बघत नाहीत!

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र गव्हाणीतली. ऊसतोड सुरू झाली की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट, मग घोड्याला तेच, वर गुळाचा खडा, शर्यतीच्या आधी मक्याचा भरडा दाबून. साखर आणि पिष्ट एकदम जास्त गेलं की आतडं बिघडतं आणि मघाशी सांगितलेले ते पापुद्रे सुजून सुटायला लागतात, हाड आत खाली सरकू शकतं. घोडं पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभं राहतं, वळताना चोरपावलं टाकतं. इथं लोक काय करतात, "चालवा म्हणजे मोकळं होईल" म्हणून ओढत फिरवतात. अजिबात नको. मऊ जागेत उभं करा आणि डॉक्टर बोलवा. घोड्यानं रात्री दावं तोडून मक्याचं पोतं फोडलं असेल तर सकाळी ठीक दिसतंय म्हणून फसू नका, पाय एक-दोन दिवसांनी धरतात. तेव्हाच डॉक्टर, आणि तोवर चारी टापा बर्फाच्या पाण्यात. मासळीवाल्याकडं बर्फ मिळतो, लाजू नका.

तळात खिळा घुसला तर उपटायची घाई नको. डॉक्टर लवकर येणार असेल तर तसाच ठेवा, तो आणखी आत जाणार नाही एवढं बघा, म्हणजे किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलाय ते एक्स-रेत कळतं. काढावाच लागला तर जागेवर खूण करा, फोटो काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या, या रोगाला घोडा सगळ्यात नाजूक.

आणि ते पांढऱ्या टापेचं. पांढरा खूर कच्चा, काळा पक्का असं बाजारात छातीठोक सांगतात. रंगानं ताकद ठरत नाही. व्यापारी पंचकल्याणीची (चारी पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याची) टाप दाखवून स्वतःच किंमत पाडत असेल तर पाडू द्या, तुम्ही तळ, टाच आणि खाचा बघून सौदा करा.