व्हर्च्युअल मशीनमधलं एक्सेल बंद पडतंय? आधी फायली बाहेर काढा

गेल्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवर मी हे काम बिघडवून ठेवलं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) काढायचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम; त्या आतल्या कॉम्प्युटरलाच मी मशीन म्हणतोय) विंडोज ७ आणि ऑफिस २०१३ ठेवलंय. एक्सेल उघडलं की बंद पडायचं. मी घाईनं जुना स्नॅपशॉट (मशीनची आधी टिपून ठेवलेली स्थिती) रिस्टोअर केला. एक्सेल सुरू झालं, पण मधल्या अकरा दिवसांच्या पट्ट्या गेल्या. दिवाणजींनी दोन रात्री बसून कच्च्या वहीवरून त्या परत भरल्या.

म्हणून आधी फायली बाहेर काढा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. रिस्टोअर केलं की आतली अख्खी डिस्क त्या दिवसावर जाते. तिथं 'आत्ताच्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्या' अशी एक टिक असते, ती मी काढली होती. तुम्ही काढू नका. डेस्कटॉपवरच्या एक्सेल फायली घेऊन भागत नाही. पट्टीच्या सॉफ्टवेअरचा डाटा बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर त्याच्याच फोल्डरमध्ये असतो, तोही पेनड्राइव्हवर घ्या. मग ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटची नोंद बघा. कालची नसेल तर पुढं कशालाही हात लावायचा नाही.

सौद्याच्या वेळी जाऊ नका. एमएस ऑफिसची प्रॉडक्ट की आणि पासवर्ड आधीच मागून घ्या.

आता मशीन नीट शटडाउन करा. सेव्ह स्टेटमध्ये (चालू स्थितीत गोठवून) ठेवलं तर बहुतेक सेटिंग्ज बदलताच येत नाहीत. व्हीडीआय फाइलसकट (हीच मशीनची डिस्क) अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. वेळ लागतो, लागू दे. फायली काढल्यात ना? परत विचारतोय, कारण इथंच 'नंतर बघू' होतं.

माझा पहिला संशय नेहमी ग्राफिक्सवर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनची टिक काढा. मशीन चालू करून कंट्रोल दाबून धरा आणि एक्सेल उघडा, म्हणजे ते सेफ मोडमध्ये येतं. तिथं टिकलं तर बहुधा एक्सेलला वरून जोडलेला एखादा प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅड-इन नडतंय. अ‍ॅड-इन एकेक करून बंद करा, सगळी एकदम नकोत, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करायची सोय आहे, तीही वापरा. तरी पडलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (तिथं बिघाडांच्या नोंदी असतात) १००० क्रमांकाची नोंद वाचा, कुठलं मॉड्यूल कोसळलं त्याचं नाव तिथं मिळतं. अंदाजानं चार गोष्टी बदलण्यापेक्षा ते नाव कागदावर उतरवा.

डीफॉल्ट प्रिंटर बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर असेल तर बदला. फाइल शेअर्ड फोल्डरमधून थेट उघडत असतील तर आत कॉपी करून बघा. मशीनच्या आत बसवलेले व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्रॅम, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स व्हर्च्युअलबॉक्सच्याच आवृत्तीच्या हव्यात. बाहेरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली नाही ना, तेही बघा. त्याची रॅम ८ जीबी असेल तर मशीनला ४ पुरे.

नाहीच जमलं तर ऑफिस रिपेअर करा, मग नव्यानं टाका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणून मशीनचं इंटरनेट बंदच ठेवा. चालू झालं की नवा स्नॅपशॉट घ्या, त्या दिवसाच्या पट्ट्या परत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दिवाणजींच्या हातात देऊन या.