दारू सोडल्यावर खनिजांच्या गोळ्या : कधी आणि कशा घ्याव्यात

दादाने दारू सोडली तेव्हा आई त्याला अर्धाच कप चहा द्यायची. भरलेला कप त्याच्या हातात ठरायचा नाही, सगळा बशीत सांडायचा. शेजारच्या काकांनी मेडिकलमधून मिनरलच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. ‘अशक्तपणा आहे, भरून निघेल,’ म्हणाले. काकांनी मायेनेच आणली होती. पण गोळ्यांची पाळी बऱ्याच नंतर येते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा क्रम लिहिते आहे.

1. आधी डॉक्टर

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस असंबद्ध बडबडू लागतो. हे जिवावर बेततं. इथे मॅग्नेशियमची गोळी पुरी पडत नाही, दवाखानाच लागतो. कुठे जावं सुचत नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा.

2. रक्त तपासा

मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, आणि सोबत किडनी-लिव्हरच्या तपासण्या. दारूमुळे मॅग्नेशियम आणि झिंक लघवीवाटे निघून जातं, त्यात जेवणाचीही बोंब असते. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, टिकत नाही. ‘बी-वन’ हे व्हिटॅमिन म्हणजे थायमिन. ते वापरायलाही शरीराला मॅग्नेशियमच लागतं. ‘एक ग्लुकोजची सलाईन लावून द्या’ असा आग्रह धरू नका. पेशंट दारू पितो हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते ग्लुकोजच्या अगोदर थायमिन देतील. थायमिन फार कमी झालं की तोल जातो, नजर विचित्र होते, माणूस गोंधळतो. असं दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

3. ताट हळूहळू वाढवा

बरेच दिवस नीट न जेवलेल्याला पहिल्याच दिवशी पोटभर वाढलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन खाली येऊ शकतं. आधी पेज, मऊ भात, मुगाचं वरण, थोडं थोडं. मग नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेंगदाणे, पालेभाजी. मटकी, मूग मोड आणून खा, त्यातलं झिंक आणि लोह अंगी लागतं. नारळपाणी चांगलं, पण किडनी बिघडली असेल किंवा पोटात पाणी झाल्याच्या गोळ्या चालू असतील तर विचारूनच, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं.

4. आता गोळी

रिपोर्टमध्ये कमतरता दिसली तर जेवढी लिहून दिली तेवढीच. मॅग्नेशियमने जुलाब होतात. किडनीच्या पेशंटला ते साचून धोका होतो. झिंकने उपाशीपोटी मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्या. मोठा डोस महिनोन्महिने चालू ठेवला तर शरीरातलं तांबं कमी होतं. लोह मात्र मनाने कधीच सुरू करू नका, दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ते आधीच साठलेलं असू शकतं. थायरॉईडची गोळी आणि खनिजं यांत चार तासांचं अंतर ठेवा.

या गोळ्यांनी तलफ जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शरीराची झीज भरून निघायला मदत होते, झोप आणि जेवण सुधारलं की माणूस समुपदेशनात बसू शकतो. माझ्या मते तेवढंही खूप आहे.

5. टॉनिकचं लेबल वाचा

इथेच घरं फसतात. ताकदीची म्हणून आणलेली आयुर्वेदिक आसवं आणि अरिष्टं आंबवून तयार होतात, त्यांत अल्कोहोल असतंच. काही पातळ टॉनिकांमध्येही असतं. दोन झाकणं घेतली की तीच चव जिभेवर परत येते. आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती गोळी, चालू असेल तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. त्यामुळे गोळी किंवा पावडरच मागा, आणि बाटली घेतलीच तर ‘अल्कोहोल’ हा शब्द शोधून पाहा.

भिंतीवर जाहिरात असते ती ‘न सांगता जेवणातून द्या’ची पुडी घरात आणू नका. तिच्यात काय आहे ते कळत नाही, आणि डायसल्फिराम असेल तर माणूस पिऊन आल्यावर त्याचा जीव जाऊ शकतो. जे द्याल ते त्याला दाखवून, त्याच्या हातात द्या. आमच्याकडे आई सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायची आणि दादा नाव वाचून मगच घ्यायचा.