थकलेलं कर्ज आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे अमेरिकी सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी; तिच्यासाठी एसएफ-८६ हा फॉर्म भरावा लागतो. त्यातला आर्थिक माहितीचा विभाग २६ भरण्याआधी इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन, या तिन्ही कर्जनोंद कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट काढा. मागच्या ७ वर्षांत १२० दिवसांहून जास्त थकलेलं प्रत्येक खातं लिहा, नंतर फेडलेलं असलं तरीही. कर्जापेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते.

नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही कारणं गाइडलाइन एफमध्ये, म्हणजे क्लिअरन्स देताना आर्थिक बाबी तपासायच्या नियमात, मानली जातात. पण त्यानंतर तुम्ही जबाबदारीनं वागलात का, हे बारकाईनं पाहतात. म्हणून बँकेशी किंवा वसुली कंपनीशी हप्ते लेखी ठरवा, रक्कम लहान असली तरी दरमहा न चुकता भरा, पावत्या जपा. टॅक्स रिटर्न राहिलं असेल तर ते सगळ्यात आधी. जुनं खातं रिपोर्टवरून आपोआप गळलं, म्हणजे कर्ज फिटलं असं तिथे धरत नाहीत.