रस्त्याकडेच्या खोलीत गाढ झोपायचं तर

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, झोपायची खोली रस्त्याच्या अंगाला. खांबावरचा एलईडी दिवा थेट उशीवर. तुमचंही असंच असेल तर आधी खिडकीचं बघा. अंधारात मेंदू मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक सोडतो, उजेड ते अडवतो. महागडे पडदे नकोत. गडद जाड कापडाला अस्तर लावून घ्या. दांडी मात्र चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर लांब बसवा. उजेड शिरतो तो कडेच्या फटीतूनच, आणि तिकडं कुणी बघत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. झोप लागताना शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. म्हणून दुपारी खिडक्या बंद, ऊन उतरलं की समोरासमोरच्या उघड्या. फोमची गादी उष्णता धरून ठेवते; तिच्यावर जुन्या सुती लुगड्यांची वाकळ अंथरा. आमच्याकडं आईची आहे, धुऊन धुऊन मऊ पडलेली. गादीवर घालायच्या विकतच्या कुठल्याही टॉपरपेक्षा मला तीच बरी वाटते.

मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. गजराला साधं घड्याळ.

आणि रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवं व्हायचं असेल, तर पडदे बिचारे काय करणार? जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरका.