लेखकाचं ‘म्हणून’ शोधा

एम. ए. ला असताना मी लिहिलेलं पहिलं चिकित्सक परीक्षण, म्हणजे एखाद्या अभ्यासलेखाचा युक्तिवाद तपासून दिलेला निवाडा, सहा पानांचं होतं. सरांनी शेवटच्या पानावर एवढाच शेरा मारला होता : ‘लेखकाचं म्हणणं कळलं. तुमचं?’ चिडून मी दोन रंगीत पेनं घेतली आणि लेखकाचं जे होतं ते पिवळं, माझं जे होतं ते हिरवं करत गेले. सहाही पानं पिवळीधमक. हिरवी ओळ एकच, तीही तळाशी : ‘एकंदरीत लेख माहितीपूर्ण व वाचनीय आहे.’ आता मीच परीक्षणं तपासते आणि ही ओळ मला दर सत्रात भेटते.

पहिलं वाचन पेन न धरता करा. मग लेख मिटून दोन वाक्यं लिहा : लेखकाने विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेलं उत्तर. जमलं नाही, तर पुन्हा वाचा. न समजलेल्या लेखावर टीका करणं फार सोपं असतं, म्हणून तर ती टाळायची.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि लेखकाचं ‘म्हणून’ शोधा. हा पुरावा, म्हणून हा निष्कर्ष, असा सांधा प्रत्येक अभ्यासलेखात असतो. कधी तो ‘यावरून स्पष्ट होते की’च्या आड लपतो, कधी ‘साहजिकच’च्या. ‘साहजिकच’ दिसलं की मी थांबतेच. जे सिद्ध करायचं होतं ते बरेचदा तिथूनच गुपचूप आत आलेलं असतं. पुराव्याला निष्कर्षाचा भार पेलतो का, हे तपासणं म्हणजेच परीक्षण.

विद्यार्थ्यांचा सर्वांत लाडका आक्षेप म्हणजे ‘नमुना लहान आहे’, म्हणजे पाहणीसाठी निवडलेली माणसं थोडी आहेत. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कल जाणून घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यातल्या २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. अंदाज निघाला रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असा. प्रत्यक्षात ४८पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळात त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारे आणि न घेणारे एकसारखे नव्हते. नमुना प्रचंड होता, तरी फसला. उलट, एखादा अनुभव लोक कसा सांगतात हे समजून घ्यायला १२ सखोल मुलाखतीही पुरू शकतात. त्या मुलाखतींवरून टक्केवारी काढली तर मात्र पकडा. तेव्हा नमुन्यावर बोट ठेवताना त्यामुळे नेमका कोणता निष्कर्ष डळमळतो, तेही सांगा.

आता लिहायला बसा. पहिल्या परिच्छेदात लेखाची ओळख आणि तुमचा निवाडा, दोन्ही हवीत. निवाडा शेवटापर्यंत राखून ठेवायला ही रहस्यकथा नाही. वेगळी सूचना नसेल तर सारांश एक-तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नका : १००० शब्दांत फार तर ३३०. पुढची मांडणी लेखकाच्या प्रकरणांमागून जाऊ नये, तुमच्या मुद्द्यांनुसार व्हावी. सर्वांत जड मुद्दा आधी.

मुद्दा कसा मांडायचा? समजा, मोबाइलचा वापर जास्त असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण कमी आहेत, असं एका पाहणीत दिसलं आणि लेखिकेने मोबाइलबंदी सुचवली. ‘लेखिकेने सर्व बाजूंचा विचार केलेला नाही’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही लेखाला चिकटवता येतं, म्हणून ते निकामी. त्याऐवजी : ‘पाहणी एकाच वेळी केलेली असल्याने (पृ. ४) अभ्यासात मन रमत नाही म्हणून मोबाइल हातात येतो, ही उलटी शक्यता शिल्लक राहते. त्यामुळे बंदीची शिफारस या पुराव्यावर उभी राहत नाही.’ जागा दाखवली, अडचण सांगितली, परिणाम सांगितला. कौतुकही असंच, जागा दाखवून करा. ‘अभ्यासपूर्ण’ हा शब्द तर मी सरळ खोडते.

क्रियापदं जपून वापरा. लेखक ‘मांडतो’, ‘सुचवतो’, ‘गृहीत धरतो’, ‘सिद्ध करतो’ यांतलं प्रत्येक क्रियापद हा तुमचा छोटासा निवाडाच असतो. आणि लेखकाने न लिहिलेल्या लेखाबद्दल त्याला दोष देऊ नका. ‘ग्रामीण भागाचा विचार हवा होता’ हा आक्षेप शहरांपुरत्याच केलेल्या अभ्यासाला लागू होत नाही. शहरं पाहून सगळ्या देशाबद्दल बोललेलं असेल, तर जरूर घ्या.

‘एवढे मोठे अभ्यासक, मी कोण बोलणार?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. अभ्यासकाला गुण द्यायला कुणीच सांगितलेलं नाही. पान ५वरून पान ७ निघतं का, एवढंच बघायचंय.

सादर करण्याआधी एक प्रत छापून घ्या आणि ती दोन पेनं काढा. सारांश संपल्यानंतरही एखादा परिच्छेद पूर्ण पिवळा निघाला, तर त्यात स्वतःचं काही घाला, नाहीतर तो काढून टाका.