राणीची गाडी अशी नीट केली

आमच्या राणी कुत्रीचे मागचे पाय संधिवाताने आखडलेत. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावापर्यंत चालणं झेपेना, म्हणून पाळीव प्राण्यांची स्ट्रॉलर, म्हणजे ढकलायची गाडी घेतली. पण रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की ती उसळी मारायची. मग गाडीच्या आतला पट्टा तिच्या हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला अडकवला. तिला उभं राहता, वळता येईल, पण पुढचे पाय काठावर टाकता येणार नाहीत, एवढाच आखूड. हा पट्टा गळपट्ट्याला कधीच लावू नका, उडी मारली की फास बसतो.

तळाचं कापड झोळीसारखं खाली जायचं, दुखऱ्या पायांना आधारच नाही. मापाची प्लायवूडची फळी कापून घेतली, वर जुनी सोलापुरी चादर घडी करून घातली. आता बाईसाहेब बसल्या बसल्या पाय पसरतात!

गाडी निवडताना चाकं मोठीच बघा. लहान चाक खड्ड्यात अडकलं की गाडी पुढे कलंडते. वजनाची मर्यादाही तपासा. थांबलात की आधी ब्रेक, मगच जाळीची चेन उघडायची.

उन्हाळ्यात इथे पारा ४० च्या वर जातो आणि छताखाली हवा कोंडते. आम्ही ऊन चढायच्या आत घरी येतो. धाप वाढली तर लगेच सावलीत बाहेर काढून पाणी पाजायचं, आणि सुस्तावली तर थेट डॉक्टरांकडे न्यायचं.